भातावरील तपकिरी तुडतुडे औषधाला दाद देईनासे झाले आहेत का? (खानापूर–बेळगाव पट्टा)

मलप्रभाकाठ (खानापूर तालुका)

मंडळी, दसऱ्याच्या आसपास भात पोटरीतून बाहेर पडते आणि नेमक्या त्याच सुमारास आमच्या शिवारात तपकिरी तुडतुड्यांची तक्रार सुरू होते. यंदा इंटान आणि इंद्रायणी या दोन्ही वाणांत चुडाच्या (भाताच्या एका ठोंबाच्या) बुडाशी तुडतुडे दिसले, म्हणून इमिडाक्लोप्रिडची फवारणी घेतली. आठवड्याने पाहिले तेव्हा संख्या जवळपास पहिल्याइतकीच होती. शेजारच्या काकांनी दुसऱ्या कंपनीची बाटली आणली, तिच्यात थायामेथोक्झाम होते. त्यांच्याही शेतात फारसा फरक पडला नाही. दुकानातून सल्ला मिळाला की मात्रा दुप्पट करा आणि सोबत एखादे पायरेथ्रॉइड (डेल्टामेथ्रिनसारखे, वेगळ्या गटातील कीटकनाशक) मिसळा.

माझे प्रश्न तीन आहेत. किडीत खरोखर प्रतिकारशक्ती आली आहे, की आमच्या फवारणीतच उणीव आहे, हे शेतकऱ्याने कसे ओळखावे? मात्रा वाढवून काही साधते का? आणि पुढच्या खरिपात औषधांचा क्रम कसा ठेवावा? ज्यांना या विषयाची माहिती आहे त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

कीटकनिरीक्षक (धारवाड)

आपला पहिला प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, म्हणून त्यावर थोडे विस्ताराने लिहितो.

फवारणीनंतर तुडतुडे दिसणे म्हणजे प्रतिकारशक्ती, असे लगेच समजू नये. तपकिरी तुडतुड्याची मादी आपली अंडी पानाच्या आवरणाच्या आत, पेशींमध्ये खुपसून घालते. तेथपर्यंत बहुतेक फवारण्यांचा परिणाम पोहोचत नाही. ही अंडी साधारण सात ते नऊ दिवसांत उबतात. त्यामुळे आपण आठवड्याने जी पिल्ले पाहिली, ती औषधातून वाचलेली असतील किंवा औषधाचा अंमल उतरल्यावर जन्मलेली असतील. निर्णय घ्यायचा तर तिसऱ्या दिवशी त्याच खुणेच्या चुडांत मोजणी करावी आणि मोठी पिल्ले व प्रौढ किती उरले, ते वेगळे लिहून ठेवावे.

दुसरी गोष्ट औषधाच्या स्वभावाची आहे. बुप्रोफेझिन हे कात टाकण्याची क्रिया बिघडवते. प्रौढ तुडतुडा कात टाकत नाही, म्हणून तो त्याने मरत नाही, आणि पिल्लांवरही परिणाम दिसायला काही दिवस जातात. पायमेट्रोझिनने तुडतुड्याचे रस शोषणे थांबते. तो चुडावर जिवंत दिसतो, परंतु उपाशी असतो आणि पुढे मरतो. दुसऱ्या दिवशी सकाळी चूड वाकवून पाहणारा शेतकरी हे औषध निकामी ठरवतो आणि लगेच दुसरे मारतो. वास्तविक त्या वेळी पिकाचे नुकसान थांबलेले असते.

आता इमिडाक्लोप्रिडविषयी. हे औषध आशियातील भातशेतीत 1990 च्या दशकात आले आणि इतके परिणामकारक ठरले की सर्वत्र तेच वापरले गेले. 2003 पासून थायलंडमध्ये, आणि 2005 च्या सुमारास चीन व व्हिएतनामसह अनेक देशांत, तपकिरी तुडतुडे त्याला दाद देईनासे झाले. आपल्याकडेही हे नवीन नाही. कर्नाटकातील निरनिराळ्या भातपट्ट्यांतून गोळा केलेल्या तुडतुड्यांची तुलना करणारा अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला आहे आणि त्यात गंगावती भागातील किडीत प्रतिकार ठळकपणे आढळला. तुंगभद्रेच्या कालव्यावर वर्षातून दोन भातपिके आणि दर पिकाला अनेक फवारण्या होतात, हे लक्षात घेता त्यात आश्चर्य नाही. त्यामुळे आपली शंका अवाजवी नाही. परंतु आपल्या शिवारापुरती ती सिद्ध करायला हवी.

येळ्ळूर शिवार

मलप्रभाकाठ यांना एक विचारतो: एकरी किती पंप मारले? आमच्या भागात सोळा लिटरच्या बॅटरी पंपाने पाच किंवा सहा पंपांत एकर उरकण्याची पद्धत आहे. शिफारस मात्र एकरी दोनशे लिटर पाण्याची, म्हणजे बारा-तेरा पंपांची असते. शिवाय मजूर चालता चालता वरच्या पानांवर फवारतो आणि तुडतुडा तर पाण्याच्या पातळीपासून वीतभर उंचीवर बुडक्यात बसलेला असतो. पीक दाट असेल तर खाली थेंबही उतरत नाही.

आणखी एक सांगावेसे वाटते. बासमतीत करपा हा रोग नेहमीचा असल्यामुळे, शेतात गोल चट्टा वाळलेला दिसला की लोक करप्याचे बुरशीनाशक आणतात. तुडतुड्यांनी जाळलेला चट्टा गोलाकार पसरत जातो आणि तेथील चूड बुडाशी काळपट, चिकट दिसतो. करप्यात पानावर दोन्ही टोकांना निमुळते, मध्ये राखाडी असे ठिपके येतात. चूड वाकवून बुडाशी न पाहता बाटली आणण्यात दरवर्षी पैसे जातात.

मलप्रभाकाठ (खानापूर तालुका)

एकरी आठ पंप मारले होते आणि नोझल बुडाकडे धरण्याची सूचना मजुरांना दिली होती. तरीही आपला मुद्दा रास्त आहे. पाणी कमीच पडले. मग शंका अशी की, अपुऱ्या पाण्यामुळे किडा वाचला असेल तर त्याला प्रतिकार म्हणता येणार नाही. तसे असेल तर घरच्या घरी तपासण्याची काही रीत आहे का?

कीटकनिरीक्षक (धारवाड)

आहे. प्रयोगशाळेत जी पद्धत वापरतात तिचेच साधे रूप सांगतो. ज्या चुडावर औषध पडलेले नाही अशा चुडाची ताटे मुळांसह उपटून धुऊन घ्यावीत. लेबलवर दिलेल्या प्रमाणात केलेल्या द्रावणात ती अर्धा मिनिट बुडवून सावलीत सुकवावीत. मुळांना ओला कापूस गुंडाळून ती रुंद तोंडाच्या बरणीत ठेवावीत आणि त्याच शेतातील मध्यम वयाची वीसेक पिल्ले आत सोडून तोंडाला पातळ कापड बांधावे. दुसऱ्या बरणीत नुसत्या पाण्यात बुडवलेली ताटे ठेवावीत. इमिडाक्लोप्रिडसारख्या औषधासाठी तीन-चार दिवस थांबून मोजावे. पाण्याच्या बरणीतील पिल्ले धडधाकट असताना औषधाच्या बरणीत बरीच पिल्ले जिवंत राहिली, तर दोष पंपाचा नाही, कारण येथे ताट पूर्ण भिजलेले होते. हातमोजे घालावेत आणि बरणी पुन्हा घरात वापरू नये. बुप्रोफेझिन किंवा पायमेट्रोझिनची परीक्षा मात्र इतक्या दिवसांत होत नाही.

हा शास्त्रीय निष्कर्ष नव्हे. प्रयोगशाळेत निरनिराळ्या मात्रा देऊन निम्मी कीड मारणारी मात्रा काढतात आणि तिची तुलना कधीच औषध न पाहिलेल्या किडीशी करतात. परंतु पुढच्या फवारणीला कोणती बाटली घ्यायची नाही, एवढे ठरवायला घरची परीक्षा पुरेशी आहे.

मात्रा दुप्पट करण्याविषयी: प्रतिकारशक्ती ही एखाद्या किड्याने औषध पचवण्याची सवय लावून घेतल्यामुळे येत नाही. लाखो तुडतुड्यांत थोडे असे असतातच, की ज्यांच्या शरीरात विष मोडणारे विकर (एन्झाइम) इतरांपेक्षा जास्त बनते. इमिडाक्लोप्रिडच्या बाबतीत सी-वाय-पी-६-ई-आर-१ या जनुकाची वाढलेली क्रिया हे मुख्य कारण असल्याचे संशोधनातून दिसून आले आहे. फवारणीने बाकीचे मरतात, हे उरतात आणि पुढची पिढी त्यांचीच होते. एका मादीची दोनशे-तीनशे अंडी आणि महिन्याभरात पूर्ण होणारी पिढी, हा हिशेब धरला तर एकाच हंगामात चित्र किती बदलू शकते, ते ध्यानात येईल. मात्रा वाढवली की आणखी काटेकोर निवड होते, तुडतुड्यांचे शत्रू मरतात, आणि लोंबीत औषधाचा अंश उरण्याचा धोका वाढतो.

औषधविक्रेता (बेळगाव)

येथे विक्रेत्यांकडे बोट दाखवले जात आहे, म्हणून लिहितो. बहुतेक ग्राहक रिकामी बाटली घेऊन येतात आणि 'हेच द्या' म्हणतात. नवीन औषध सुचवले तर किंमत ऐकून परत जातात. उधारीवर माल देणाऱ्याला, ज्या औषधाचा परिणाम दुसऱ्या दिवशी डोळ्यांना दिसेल तेच द्यावे लागते. पायमेट्रोझिन दिले तर तिसऱ्या दिवशी 'किडे जिवंत आहेत' म्हणून भांडण होते. सर्व विक्रेते मात्रा दुप्पट करायला सांगतात, हेही खरे नाही.

मात्र पायरेथ्रॉइड मिसळण्याचा सल्ला मी कधीच देत नाही, हे स्पष्ट करतो.

निवृत्त सहायक (नंदगड परिसर)

विक्रेते बंधूंचे शेवटचे वाक्य ठळक अक्षरांत छापण्यासारखे आहे. डेल्टामेथ्रिनसारख्या पायरेथ्रॉइडने भातावरील कोळी आणि तुडतुड्यांची अंडी शोषणारा हिरवा मिरिड ढेकूण यांचा नाश होतो, आणि पंधरा-वीस दिवसांनी तुडतुडे पूर्वीपेक्षा जास्त वाढतात. त्याला किडीचा पुनरुद्रेक म्हणतात. येथे किडीत प्रतिकार नसतानाही तसाच अनुभव येतो, आणि दोन्ही एकत्र असले तर विचारायलाच नको.

इंडोनेशियाचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. तेथे सरकार कीटकनाशकांवर मोठे अनुदान देत होते आणि तुडतुड्यांचे उद्रेक वाढतच होते. 1986 मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने भातावरील 57 कीटकनाशकांवर बंदी आली आणि 1989 पर्यंत अनुदानही काढून घेण्यात आले. भाताचे उत्पादन त्यामुळे कोसळले नाही. आपल्या देशातही 1973–74 मध्ये केरळातील कुट्टनाडमध्ये तुडतुड्यांनी मोठे नुकसान केले होते; अधिक उत्पन्नाचे वाण, भरपूर युरिया आणि सतत उभे पाणी अशी परिस्थिती त्या काळी सर्वत्र येत होती.

वाणाच्या प्रतिकाराचीही हीच गत होते, हे तरुण मित्रांना माहीत नसते. फिलिपाइन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने 1973 मध्ये तुडतुड्यांना प्रतिकारक असा आयआर 26 दिला; दोन-तीन वर्षांतच त्या वाणावर जगणारे तुडतुडे तयार झाले. मग 1976 मध्ये वेगळे जनुक असलेला आयआर 36 आणावा लागला. किडीला एकच अडथळा सर्वत्र आणि सतत दिला की ती तो ओलांडते, मग तो अडथळा बाटलीतला असो की बियाण्यातला.

चंदगडकर

आमच्या बाजूलाही तीच तक्रार आहे. आमचे बरेच शेतकरी खरेदीला बेळगावला येतात आणि तुमचे काही जण आमच्याकडील मराठी घडीपत्रिका वाचून औषध निवडतात, त्यामुळे एक खुलासा उपयोगी पडेल. कीटकनाशकाची नोंदणी केंद्रीय पातळीवर होते; कोणत्या पिकावर, कोणत्या किडीसाठी, किती मात्रेत, हे लेबल महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन्ही राज्यांत एकच असते. कृषी विद्यापीठांच्या शिफारशींत मात्र फरक असू शकतो. डब्यावरील त्रिकोणाचा रंग पाहून 'हे औषध वेगळे आहे' असे समजणारेही मी पाहिले आहेत. तो लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा रंग विषारीपणाची पातळी सांगतो. औषध किडीच्या शरीरात कोठे काम करते, ते त्यावरून कळत नाही.

मलप्रभाकाठ (खानापूर तालुका)

चंदगडकरांच्या शेवटच्या मुद्द्यावरून विचारतो. मग बाटली बदलली म्हणजे औषध बदलले, हे ओळखायचे कशावरून? आणि खोडकिडा व पाने गुंडाळणारी अळी यांच्या औषधांनाही हाच नियम लागू आहे का?

कीटकनिरीक्षक (धारवाड)

कंपनीचे नाव बाजूला ठेवून खाली बारीक अक्षरांत लिहिलेले तांत्रिक नाव वाचावे आणि त्या नावाचा गट पाहावा. औषध किडीच्या शरीरात कोणत्या जागी काम करते त्यावरून गटांना क्रमांक दिलेले आहेत. 1984 मध्ये स्थापन झालेली कीटकनाशक प्रतिकार कृती समिती ही यादी ठेवते.

तुडतुड्यांपुरते सांगायचे तर इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम, क्लोथियानिडिन आणि डायनोटेफ्युरान ही चारही औषधे 4-अ या एकाच गटातील आहेत. आपण इमिडाक्लोप्रिडनंतर शेजाऱ्यांचे थायामेथोक्झाम पाहिले, तेव्हा गट बदललाच नव्हता. येथे एक बारकावा आहे: गट एक असला तरी प्रत्येक औषधाला प्रतिकार सारखाच नसतो. इमिडाक्लोप्रिडला न जुमानणाऱ्या तुडतुड्यांवर डायनोटेफ्युरान बऱ्याच ठिकाणी चालते, कारण वर सांगितलेले विकर त्याला तितक्या सहज मोडत नाही. तरीही क्रम लावताना त्याला वेगळा गट धरू नये. बुप्रोफेझिन गट 16, पायमेट्रोझिन 9-ब, फ्लोनिकामिड 29. ट्रायफ्लुमेझोपायरिम 4-ई मध्ये येते. त्याची जागा इमिडाक्लोप्रिडचीच, परंतु इमिडाक्लोप्रिड ती जागा चेतवते आणि हे ती रोखते, म्हणून उपगट वेगळा केला आहे. चीनमध्ये बुप्रोफेझिन आणि पायमेट्रोझिन या दोन्हींना पुढे प्रतिकार आलाच. महाग औषध म्हणजे सुरक्षित औषध असा समज करून घेऊ नये.

आता अळ्यांविषयी, आणि येथे आपल्या भागातली चूक मला जास्त गंभीर वाटते. लावणीनंतर खोडकिड्यासाठी क्लोरँट्रानिलीप्रोलचे दाणेदार औषध टाकतात. महिन्याभराने पाने गुंडाळणारी अळी दिसली की त्याच औषधाचे द्रवरूप फवारतात, किंवा 'बदल' म्हणून फ्लुबेंडियामाइड घेतात. ही दोन्ही औषधे गट 28 ची आहेत. म्हणजे एकाच हंगामात, एकामागून एक पिढ्यांवर, तोच मारा झाला. चीनमधील पट्टेरी खोडकिड्यात या गटाला मोठा प्रतिकार आलेला आहे; औषध जेथे चिकटते त्या जागेची रचनाच बदललेले किडे तेथे सापडले. आपल्याकडील पिवळा खोडकिडा ही वेगळी जात आहे, परंतु निश्चिंत राहावे असे त्यात काही नाही. दाणेदार औषध गट 28 चे दिले असेल तर नंतर गरज पडल्यास कारटाप हायड्रोक्लोराइडसारखे गट 14 चे औषध घ्यावे. आणि दोन-तीन बाटल्या एका पंपात ओतणे म्हणजे आलटून पालटून वापर नव्हे. त्या मिश्रणात प्रत्येक औषधावर एकाच वेळी किडीची निवड होते.

बांधावरची शेतकरीण (बेळगुंदी)

चर्चा माहितीपूर्ण आहे, तरी सारे बोलणे 'कोणती बाटली' याच प्रश्नाभोवती फिरते आहे, हे मला खटकते. चुडात पाच-दहा तुडतुडे होईपर्यंत फवारणीची गरज नसते, आणि कोळी व मिरिड ढेकूण भरपूर असतील तर त्याहून थोडे अधिक चालतात. आमच्या गावात मात्र शेजाऱ्याने पंप काढला की दुसऱ्याच्या शेतातही पंप निघतो. जी फवारणी झालीच नाही, तिच्यातून प्रतिकारशक्ती येत नाही.

मी तीन गोष्टी पाळते. लावणीत दर दोन-तीन मीटरवर फूटभर रुंदीचा पट्टा मोकळा सोडते, त्यामुळे बुडाशी ऊन आणि वारा पोहोचतो व फवारायची वेळ आली तर माणसाला चालताही येते. युरिया एकदम न देता तीन हप्त्यांत देते, कारण काळोखी आलेल्या लुसलुशीत भातावर तुडतुडे अधिक वाढतात. आणि तुडतुडे दिसू लागले की तीन-चार दिवस पाणी काढून टाकते. पावसाळी खाचरात पाणी काढणे नेहमी जमत नाही, हे मान्य आहे; वरच्या बांधावरून पाणी उतरत असेल तर खालच्याने काय करावे? परंतु ऑक्टोबरात बहुतेक ठिकाणी ते शक्य असते.

येळ्ळूर शिवार

ताई, पट्ट्याचा मुद्दा मान्य. पेरभाताला, म्हणजे कुरीने धूळवाफ पेरणी केलेल्या शेताला, तो कसा लागू करावा? खानापूरकडे बरेच क्षेत्र असेच आहे.

बांधावरची शेतकरीण (बेळगुंदी)

कुरीच्या ठरावीक फेऱ्यांनंतर एक ओळ बियाण्याविना सोडावी. बियाणे थोडे वाचते आणि भांगलणीलाही वाट मिळते. ज्या शेतात तण फार, तेथे मोकळ्या ओळीकडे एक भांगलण जास्त द्यावी लागते, हे आधीच सांगून ठेवते.

औषधविक्रेता (बेळगाव)

कीटकनिरीक्षक साहेबांनी सांगितलेला क्रम एकट्या शेतकऱ्याने पाळून उपयोग किती? लांब पंखांचे तुडतुडे उडत येतात. शिवारातील बाकी सारे जण सवलतीत मिळालेले एकच औषध मारत असतील, तर एकाने गट बदलून काय होणार?

निवृत्त सहायक (नंदगड परिसर)

आक्षेप खरा आहे, म्हणूनच गट ठरवण्याचे काम शिवाराने करावे, असे माझे मत आहे. लावणीच्या आधी गावात बैठक होतेच. तेथे एवढेच ठरवावे, की या वर्षी तुडतुड्यांची पहिली फवारणी लागली तर कोणत्या गटाची, दुसरी लागली तर कोणत्या गटाची. आणि ते देवळाच्या फळ्यावर व दुकानात लिहून ठेवावे. विक्रेत्याला तेवढाच माल मागवता येतो, उधारीचा वादही कमी होतो. मलप्रभाकाठ यांच्या शिवारात बरणीतील परीक्षेने इमिडाक्लोप्रिड निकामी ठरले, तर 4-अ हा संपूर्ण गट तुडतुड्यांसाठी निदान एक-दोन हंगाम बाजूला ठेवावा. औषधाचा दाब हटला की संवेदनशील किडे काही प्रमाणात पुन्हा वाढू शकतात.

गंगावतीपेक्षा आपली बाजू एका बाबतीत बरी आहे. आपल्याकडे भाताचे एकच पीक, आणि त्यानंतर येळ्ळूर, शहापूर, वडगावच्या शिवारात मसूर, वाटाणा किंवा हरभरा येतो.

मलप्रभाकाठ (खानापूर तालुका)

सर्वांचे आभार. बरणीची परीक्षा पुढच्या खरिपात तुडतुडे दिसताच करीन आणि आकडे येथेच लिहीन. एक शेवटची शंका: मसुरीवर किंवा हरभऱ्यावर हे तुडतुडे जगतात का? जगत नसतील तर पुढच्या वर्षी येतात कोठून?

कीटकनिरीक्षक (धारवाड)

मसूर किंवा हरभऱ्यावर तपकिरी तुडतुडा वाढत नाही. त्याला भात आणि रानभातच लागते. कापणीनंतर ओल टिकणाऱ्या जागी, उदाहरणार्थ बळ्ळारी नाल्याच्या किंवा मार्कंडेयाच्या काठच्या खाचरांत, धसकटांना जे हिरवे फुटवे येतात त्यांवर तो तग धरतो. शिवाय जेथे उन्हाळी भात असते तेथून वाऱ्याबरोबर येतो. पिवळ्या खोडकिड्याच्या अळ्या तर धसकटाच्या आतच सुप्तावस्थेत राहतात. म्हणून कापणी जमिनीलगत करावी आणि ज्या खाचरात दुसरे पीक घ्यायचे नाही तेथे फुटवे येण्याआधी नांगरट उरकावी. औषधातून वाचलेली कीड हंगामाच्या अखेरीस त्या धसकटांतच असते, तेव्हा नांगराने तीच मारली जाते. ओल जास्त असल्याने नांगर चालत नसेल, तर फुटवे दिसताच गुरे सोडून ते चारून घ्यावेत.